तिसरा फर्मा

"शिवून देणार का नाही तेवढं सांगा, मामा. जमत नसलं तर सुतळीनं बांधते आणि जाते."

घस्तेबाईंनी टेबलावर जे ठेवलं, त्याला पुस्तक म्हणायचं म्हणजे अवघडच होतं. कव्हर एकीकडं, पाठ उसवलेली, पानांच्या कोपऱ्यांचे कान झालेले, मधेच हळदीचं एक बोट उमटलेलं. कॉलेजचं माहितीपुस्तक होतं ते. ॲडमिशनच्या दिवशी मिळतं. पोरं त्यातला फॉर्म फाडून घेतात आणि उरलेल्यानं वारा घेत बसतात. बाईंनी मात्र तीन वर्षं वाचून वाचून त्याचा चोथा केला होता.

मी चष्मा पुसला. म्हणलं, "ठेवा. उद्या न्या."

"उद्या न्हाई, आत्ता. उद्या अकराला प्रिन्सिपॉल सरांनी बोलावलंय."

माझं दुकान कॉलेजच्या गेटासमोर. दस्तगीर बुक बाइंडिंग. आपली शाळा चौथीपर्यंत. तिथनं पुढं पुस्तकं बघितली ती पाठीकडनं. आत काय लिहिलंय ते वाचणाऱ्यानं बघावं, आपण दोरा, खळ आणि पुठ्ठा बघायचा, असा माझा हिशेब. पोरांच्या प्रोजेक्टवर सोनेरी अक्षरं मी मारायचो, पण त्या अक्षरांचा अर्थ मला कळायचा नाही. तसा तो पोरांनाही माहीत नसायचा.

आता या घस्तेबाई कोण, तर आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई. लीलावती घस्ते. माझी दोन्ही नातवंडं त्यांच्याकडंच 'क कमळाचा' शिकली. वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी या बाईनं बीएला नाव घातलं. सकाळी सात ते दहा कॉलेज, साडेदहाला अंगणवाडी. मधल्या अर्ध्या तासात माझ्या दुकानाच्या स्टुलावर बसून चहा घ्यायच्या आणि ते माहितीपुस्तक मांडीवर उघडायच्या.

त्याच वर्षाच्या आगेमागे कॉलेजात नवीन पद्धत आली होती. वार्षिक परीक्षा गेली, सेमिस्टर आलं. पोरं दुकानात येऊन क्रेडिट, इलेक्टिव्ह, केटी असलं काय काय बोलायची. पहिले सहा महिने मला वाटायचं, केटी लागली म्हणजे पोराला काहीतरी आजार झाला. एकाला तर मी तुळशीचा काढा सांगितला. बाईंनी तेव्हा मला सगळं समजावून सांगितलं. आठवड्याला एक तास, सेमिस्टरभर शिकलं की एक क्रेडिट. एका सेमिस्टरला वीस, तीन वर्षांत सहा सेमिस्टर, एकशेवीस क्रेडिट झाले की पदवी. मुख्य विषयाचे पेपर घ्यावेच लागतात, ऐच्छिक असतात ते आपण निवडायचे. एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात, पण तो मानेवर घेऊन चालायचं, त्याला केटी म्हणतात.

मी म्हणलं, "म्हणजे आमचा फर्माच की."

त्यांना फर्मा माहीत नव्हता. मग मी दाखवला. प्रेसमधून मोठा कागद छापून येतो, त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक जुळवायचे, एका दोऱ्यानं शिवायचे, की पुस्तक. एक फर्मा कमी पडला तर बाकी सगळं असूनही ते पुस्तक नव्हे, रद्दी.

"मग माझं एकशेवीस फर्म्याचं पुस्तक," त्या म्हणाल्या. तिथनं पुढं तीन वर्षं हीच भाषा चालली. निकाल लागला की दारातनंच सांगायच्या, "मामा, चाळीस झाले." मग साठ. मग ऐंशी. मी मेलो तरी बीए होणार नव्हतो, पण बाईंचं पुस्तक किती जाड झालं ते मला रोज माहीत असायचं.

आणि त्या दिवशी दुपारी त्या आल्या, त्या आकडा न सांगताच.

झालं होतं असं. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला. बाई सगळ्या पेपरांत पास. पण मार्कलिस्टवर 'क्रेडिट अपूर्ण' असा शिक्का. एकशेसोळा. शेवटच्या सेमिस्टरला दोन-दोन क्रेडिटचे दोन ऐच्छिक पेपर होते. बाईंचा मुख्य विषय समाजशास्त्र, पण त्यांनी ऐच्छिक घेतले बालविकास आणि आहारशास्त्र, गृहशास्त्राकडचे. अंगणवाडीच्या बाईनं दुसरं काय घ्यावं? आता ऑफिस म्हणत होतं की ऐच्छिक पेपर स्वतःच्या मुख्य विषयातलेच घ्यायचे असा नियम हाय, हे चार क्रेडिट धरता येत नाहीत. पुढच्या वर्षी परत बसा.

पुढचं वर्ष बाईंना नव्हतं. अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या होत्या. पदवी पाहिजे आणि वय पंचेचाळीसच्या आत. अर्जाला तीन आठवडे राहिलेले आणि बाई चव्वेचाळीस पूर्ण. या एका जागेसाठी तर तीन वर्षं पहाटे चारला उठून भाकरी थापल्या होत्या.

"माझ्या पुस्तकात लिहिलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी सुटं पान काढून माझ्यापुढं धरलं. पान एकेचाळीस. दोन्ही ऐच्छिक पेपर विद्यार्थ्यास कोणत्याही विषयातून निवडता येतील. खाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. "हेडक्लार्कच्या पुस्तकात त्याच पानावर वेगळंच हाय. मी म्हणलं, माझं बघा. तर म्हणाले, कुठल्या तरी जुन्या पुस्तकाची पानं घालून आणलीत. चार माणसांसमोर म्हणाले. म्हणून म्हणते, शिवून द्या. सुटी पानं बघितली की कुणीही म्हणंल घातलीत. शिवलेलं असलं की कोण म्हणंल?"

मी पुस्तक उचललं. पाठीवरचा उरलासुरला कागद नखानं सोडवला. फर्मे दोऱ्यावर लोंबत होते, पण दोरा होता. पहिला फर्मा बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी नजर गेली आणि हात थांबला.

बाईंनी विचारलं, काय झालं. मी पुस्तक तसंच वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे मी शिवणार न्हाई."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. तीस वर्षांत माझ्या दुकानातनं फाटकं पुस्तक फाटकंच परत गेलं नव्हतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

"कॉलेजचं काम जाईल म्हणून?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण लागायचं ते लागलं.

"तसं समजा. पण एक ऐका. ह्याचा एक दोरासुद्धा तोडू नका. सुतळी बांधू नका, चिकटपट्टी लावू नका. हाय तसं उद्या घेऊन या. मी येतो बरोबर."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"बाइंडर हाय मी. बसंन कोपऱ्यात."

त्या उठल्या आणि गेल्या. मागवलेला चहा तसाच राहिला.

मी माळ्यावर चढलो. जे शोधत होतो ते सापडलं. खाली उतरलो तर आमची बायको जैतून जेवणाचा डबा घेऊन उभी. माझं तोंड बघून तिनं ओळखलं. मी सगळं सांगितलं. कॉलेजचं काम म्हणजे आमचं अर्धं वर्ष होतं. माहितीपुस्तक, जर्नलं, लायब्ररीची फाटकी पुस्तकं. जैतूननं डबा उघडता उघडता एवढंच विचारलं, त्या पुस्तकावर तुमचं नाव छापलंय का कुठं? मी म्हणलं, नाही. मग कुणाला कळणार हाय, ती म्हणाली. मी म्हणलं, मला कळलंय. तिनं भाकरी वाढली. ती जाताना माझा धुतलेला सदरा खुर्चीवर काढून ठेवून गेली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये. गुळवणी सर माणूस वाईट नव्हता, पण रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, त्यामुळं कुठलाही कागद हातात घेताना भाजल्यासारखा घ्यायचे. शेजारी चौगुले हेडक्लार्क. हे चौगुले माझ्याच दुकानात चहा प्यायचे, माझ्याच स्टुलावर. मला बघून म्हणाले, "दस्तगीर, तुमचं काय काम? बिल घ्यायला आलाय काय?"

"बाईंबरोबर आलोय."

"बरं, बसा. कळतंय का बघा काय चाललंय ते."

सरांनी बाईंना बसायला सांगितलं. बाई बसल्या नाहीत. चौगुल्यांनी ऑफिसचं पुस्तक उघडलं, एकेचाळीस पान काढलं आणि नियम वाचून दाखवला. मग म्हणाले, ॲडमिशनच्या वेळी तुम्ही सही केलीय, माहितीपुस्तक वाचून समजून घेतलं अशी. वाचता येत होतं ना?

"वाचलं म्हणूनच हे पेपर घेतले," बाई म्हणाल्या. "परीक्षेचा फॉर्म तुम्हीच घेतला, चौगुलेसाहेब. त्यावर बालविकास, आहारशास्त्र लिहिलं होतं. तवा तुम्ही का न्हाई म्हणलं?"

"रोज चारशे फॉर्म येतात."

"मला एकच पुस्तक आलं होतं."

सर मधे पडले. त्यांनी बाईंचं पुस्तक मागितलं. बाईंनी वर्तमानपत्र सोडलं. ते ध्यान बघून चौगुले हसले. पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का होता, तारीख होती, बाईंचा ॲडमिशन नंबर होता. तेवढं सरांनी मान्य केलं. पण मधली पानं, चौगुले म्हणाले, जुन्या वर्षाची हायत. एवढं ढिल्लं पुस्तक, कुणीही पानं घालंल. "मी आरोप करत न्हाई, सर. पण हे जर विद्यापीठात नेलं तर ते करतील. मग मार्कलिस्टचं सोडा, वेगळंच प्रकरण होईल. बाई नोकरीत हायत. त्यांनीच विचार करावा."

बाईंचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला आजही सांगता येत नाही. रडण्याचा नव्हता. एखादं पोर अंगणवाडीत दुसऱ्याचा खाऊ घेऊन वर खोटं बोलतंय आणि ते बाईंना पक्कं माहीत आहे, तेव्हा त्या जशा बघतात, तशा बघत होत्या. पण हातात काही नव्हतं.

मी उठलो. म्हणलं, "सर, जरा ते पुस्तक माझ्याकडं द्या."

"दस्तगीर," चौगुले म्हणाले, "हा अभ्यासक्रमाचा विषय हाय. चौथी पास माणसानं यात पडू नये."

"अभ्यासक्रमात पडत न्हाई. दोऱ्यात पडतो. ते माझं खातं हाय."

मी पुस्तक सरांच्या टेबलावर पालथं घातलं, पाठ वर करून. म्हणलं, हा दोरा बघा. हिरवा हाय. बाईंच्या ॲडमिशनच्या वर्षी पांढरी रिळं मिळाली नाहीत, म्हणून तेवढ्या एका वर्षी मी माहितीपुस्तकं हिरव्या दोऱ्यानं शिवली. तुमच्या ऑफिसच्या पुस्तकाची पाठ जरा सोडवा, आत हिरवाच निघंल. आता हा दोरा कुठनं जातोय बघा. पहिल्या फर्म्यात शिरला. दुसऱ्यात गेला. तिसऱ्यात. असा शेवटच्या फर्म्यापर्यंत जाऊन आत गाठ मारलीय. ही गाठ माझी हाय, माझ्या बापानं शिकवलेली, डाव्या हाताची. मधला एक फर्मा बदलायचा तर दोरा तोडावा लागतो.

मी बोट ठेवलं. "चौगुलेसाहेब, दोरा कुठं तुटलाय तेवढं दाखवा."

सर वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. चौगुल्यांनी बघितलं नाही.

"म्हणजे हा भाग मुळातच या पुस्तकात होता," सर म्हणाले.

"मुळात. आता हे बघा." मी तिसऱ्या फर्म्याचं पहिलं पान काढलं आणि तळाशी नखानं खूण केली. मुंगीएवढी अक्षरं. फर्म्याचा नंबर आणि वर्ष. प्रेसवाला छापतो, बाइंडरला कळावं म्हणून. वाचणारा माणूस तिथं जन्मात बघत नाही. बाकीच्या फर्म्यांवर त्या सालाचं वर्ष होतं. तिसऱ्यावर आदल्या सालाचं.

मग मी पिशवीतनं माळ्यावरचा गठ्ठा काढला. आदल्या सालाचे उरलेले तिसरे फर्मे. गठ्ठ्याची दोरी सुटलेली, वरचे बरेच गेलेले.

"जुळणी करताना तिसऱ्या फर्म्याची थप्पी संपत आली. मी हात वर केला आणि हा गठ्ठा ओढला. पानं तेहतीस ते अठ्ठेचाळीस, कागद तोच, टाइप तोच. तळाचं वर्ष बघायचं असतं. बघितलं न्हाई. तीस वर्षांत तेवढ्या एकदाच बघितलं न्हाई." मी गठ्ठा सरांपुढं सरकवला. "बाईंनी पानं घातली न्हाईत, सर. मी घातली."

घस्तेबाई माझ्याकडं बघत होत्या. कालचं 'शिवणार नाही' का म्हणलं, ते त्यांना तिथं कळलं. मी शिवलं असतं तर जुना दोरा तोडावा लागला असता, आणि मग ते पुस्तक काल रात्री दस्तगीरनं तयार केलं असंच झालं असतं.

चौगुले पहिल्यांदा सावरले. "म्हणजे चूक तुमची. कॉलेजचा संबंध न्हाई."

"चूक माझीच. पण पुस्तकावर माझं नाव कुठं हाय? तुमच्या खिडकीतनं दिलं, तुमचा शिक्का मारून. ह्यांनी दस्तगीरचं पुस्तक वाचलं न्हाई, कॉलेजचं वाचलं. आणि असं हे एकच असंल असं समजू नका."

सरांनी शिपायाला स्टोअरमध्ये पाठवलं. त्या सालाची उरलेली पुस्तकं आली. मीच एकेक उघडून तळ दाखवला. बारामधल्या पाचांत जुना फर्मा. तीन वर्षं ती पुस्तकं गावभर फिरत होती, आणि नीट वाचणारी एकच बाई निघाली. बाकीच्यांनी मित्राला विचारून फॉर्म भरले, म्हणून वाचले.

सर खुर्चीत मागं टेकले. मग माणसासारखे बोलले. विद्यापीठाला पत्र पाठवतो म्हणाले, बाइंडरचा लेखी जबाब जोडू, प्रकरण खास बाब म्हणून जाईल. त्यांनी चौगुल्यांना मजकूर सांगायला सुरुवात केली. विद्यार्थिनीची कौटुंबिक परिस्थिती लक्षात घेऊन सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, असं काहीतरी.

"ते नको," बाई म्हणाल्या.

सर थांबले.

"परिस्थिती नको आणि सहानुभूती नको, सर. मी नापास झाले न्हाई. एकशेवीस क्रेडिट मी केलेत. कॉलेजनं दिलेल्या पुस्तकाप्रमाणं पेपर घेतले, कॉलेजनं फॉर्म घेतला, परीक्षा घेतली, पास केलं. एवढंच लिहा. आणि काल खिडकीवर मला चार माणसांसमोर जे म्हणलं गेलं, ते चुकीचं होतं, हेही लिहा."

चौगुले म्हणाले, "असं लिहिलं तर वर आवडणार न्हाई, बाई. काम तुमचंच अडंल."

"अडू दे. अडलं तर मी परत येईन."

सरांनी चौगुल्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, त्या हिरव्या दोऱ्याकडं बघितलं. मग पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि बाई जसं म्हणाल्या तसं लिहिलं. माझा जबाब बाईंनी लिहिला, कारण मला जोडाक्षरं नीट येत नाहीत. त्यांनी 'नजरचुकीने' असं लिहिलं होतं. मी तो शब्द खोडायला लावला. म्हणलं, नजर चुकली नव्हती, नजर टाकलीच नव्हती. तसं लिहा. मग सही केली. द-स-त-गी-र. घाम आला.

बाहेर आल्यावर बाई माझ्याबरोबर गेटापर्यंत आल्या. गेटाशी थांबल्या.

"तुमच्यामुळं अडकले मी," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आणि काल मी तुम्हाला भित्रा समजले."

"काल तेवढा होतोच."

त्या दुकानात आल्या आणि आदल्या दिवशी राहिलेला चहा मागितला.

विद्यापीठानं अठरा दिवस घेतले. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते तेव्हा दुरुस्त मार्कलिस्ट आली. दुपारची वेळ होती, मी पुठ्ठे कापत होतो, आणि रस्त्याच्या पलीकडनंच आवाज आला. "मामा, एकशेवीस."

पुढच्या जूनला माहितीपुस्तकाचं काम माझ्याकडं आलं नाही. लेखी काही नाही, चौगुले चहा प्यायला यायचे बंद झाले, तेवढंच. जर्नलं गेली, लायब्ररी गेली. दोन वर्षं ओढाताण झाली. मग मी लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं केली, दुकानदारांच्या वह्या शिवल्या, निभलं. जैतून एकदाही 'मी सांगत होते' म्हणाली नाही. बायकोनं असं गप्प बसणं सोपं नसतं, तिचं श्रेय तिला.

घस्तेबाई पर्यवेक्षिका झाल्या. पहिला पगार व्हायच्या आधीच एका सकाळी त्या परत तोच वर्तमानपत्रातला गठ्ठा घेऊन आल्या. दोरा अजून जसाच्या तसा होता.

"आता शिवा," म्हणाल्या.

मी गठ्ठा सोडला. कपाटातनं त्या सालाचा बरोबर तिसरा फर्मा काढला. एक जपून ठेवला होता, याच कामासाठी. तो पुढं केला आणि जुना फर्मा काढायला कात्री उचलली.

बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तो न्हाई," त्या म्हणाल्या. "मी जो वाचला, तोच घाला."

मी बरोबरचा फर्मा रद्दीत टाकला. मग माळ्यावर गेलो आणि हिरव्या दोऱ्याचं शेवटचं रीळ उतरवलं.